गेलेली वीज परत आली का?

गिझर लावला की सगळ्या घराची वीज जायची. चार दिवस हेच चाललं, तेव्हा वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून एका रुंद स्विचवर बोट ठेवलं. "हाच त्रास देतोय. काढून थेट जोडून देतो." मी नको म्हणालो, अंधाराला कंटाळलेल्या घरच्यांचा रोष पत्करून. पुढे गिझरचं हीटिंग एलिमेंट बाहेर काढलं, तर त्याच्या नळीला केसाएवढी चीर. पाणी आत शिरत होतं आणि वीज बाहेर येत होती. स्विच बिचारा इमानेइतबारे काम करत होता.

हा स्विच म्हणजे आरसीसीबी, विजेची गळती पकडणारा. बरेच जण अजून त्याला ईएलसीबीच म्हणतात. त्याच्या शेजारी एमसीबींची, म्हणजे जास्त प्रवाहाला पडणाऱ्या छोट्या स्विचांची, रांग असते, आणि एमसीबी आहेत म्हणजे शॉकची भीती नाही, असा अनेकांचा समज असतो. तो साफ चुकीचा आहे. एमसीबी राखण करतो ती वायरची. ती तापून आग लागू नये म्हणून 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागला की पडतो. आता माणसाचं बघा. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला शरीरातून 0.23 अँपिअर जातील. एमसीबीच्या लेखी तुम्ही म्हणजे 50 वॅटचा एक दिवा. दिवा लागला म्हणून तो कशाला पडेल?

शरीराचं गणित मात्र मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात चालतं. 1 मिलिअँपिअरला मुंग्या येतात. अमेरिकेतल्या बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातातली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा मोजली. ती पुरुषांमध्ये सरासरी 16 आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास निघाली. त्यापुढे मूठ उघडत नाही, कारण बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात. वीज माणसाला 'धरून ठेवते' असं आपण म्हणतो. खरं तर धरलेलं असतं आपल्याच हाताने.

आरसीसीबी प्रवाह किती आहे हे बघतच नाही. तो फक्त हिशेब जुळवतो: फेजमधून जेवढी वीज गेली, तेवढी न्यूट्रलमधून परत आली का? दोन्ही तारा आत एकाच धातूच्या कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. काही वीज तुमच्या अंगातून जमिनीत गेली, की परत येणारी कमी पडते. कड्यात क्षेत्र उरतं, त्यावरच्या बारीक गुंडाळीत प्रवाह निर्माण होतो आणि खटका पडतो.

घरातल्या आरसीसीबीवर बहुधा 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. एवढ्या गळतीला तो पडायलाच हवा. पण म्हणून शॉक 30 वरच अडतो, असं नाही. अंगातून पूर्ण 230 मिलिअँपिअर जातील आणि झटका चांगलाच बसेल. फक्त तो फार वेळ टिकणार नाही: 150 मिलिअँपिअर किंवा जास्त गळती असेल, तर 40 मिलिसेकंदांत वीज तुटायला हवी. हृदयाच्या एका ठोक्याला साधारण 800 मिलिसेकंद लागतात. हृदयाची लय बिघडायला प्रवाहाइतकाच त्याचा अवधीही कारणीभूत असतो, म्हणून ही घाई.

तरीही अर्थिंग, म्हणजे उपकरणाचा पत्रा जमिनीशी जोडणारी तार, हवंच. ते नीट असेल तर गिझरच्या पत्र्यात उतरलेली वीज अर्थच्या तारेने लगेच निघून जाते आणि कुणी हात लावण्याआधीच स्विच पडतो. अर्थिंग नसेल तर वीज वाट बघत बसते, तुमच्या हाताची.

एका बाबतीत मात्र हा स्विच आंधळा आहे. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलंत, तर हिशेब तंतोतंत जुळतो. त्याला तुम्ही पुन्हा दिवाच वाटता.

स्विचवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की थोडा प्रवाह मुद्दाम कड्याला वळसा घालून जातो, म्हणजे खोटी गळती तयार होते. टक् आवाज होऊन दांडी खाली यायला हवी. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा आतून अडकू शकते, त्यामुळे काही महिन्यांनी एकदा, चालू संगणक बंद करून, हे बटण दाबावं. यातून अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजून घ्यावं लागतं. बटण दाबूनही दांडी जागची हलली नाही, तर स्विच बदलून घ्या.