एकाच मेघातली भावंडं

मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला दुर्बीण वळवली, की धूसर उजेडात चार तारे अगदी खेटून बसलेले दिसतात. अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षं. या चौघांभोवती शेकडो कोवळे तारे आहेत, आणि त्याच चौकटीत वाटेत आलेले नि पार मागे असलेले म्हातारे तारेही मिसळलेले आहेत. यातली सख्खी भावंडं, म्हणजे एकाच मेघातून जन्मलेले तारे, ओळखायची कशी?

आधी वय पाहायचं. नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी असते. ती धूळ तापून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा, प्रकाश देते, त्यामुळे तारा त्या प्रकाशात अपेक्षेपेक्षा जास्त उजळ दिसतो. अवकाशातल्या स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने असे हजारो तारे हेरले. पण तबकड्या टिकत नाहीत. सुमारे ३० लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांच्या विरून जातात. मग तबकडी हरवलेलं भावंड यादीतून गळतं. ते क्ष-किरणांत सापडतं, कारण कोवळ्या ताऱ्यांचं चुंबकीय थैमान सूर्याच्या कितीतरी पट असतं आणि त्यातून क्ष-किरण निघतात. २००३ मध्ये चंद्रा ही अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण या चार ताऱ्यांभोवतीच्या धूसर तेजोमेघाकडे एकूण सुमारे दहा दिवस रोखलेली होती, आणि तिला क्ष-किरणांचे सोळाशेहून अधिक स्रोत मिळाले. शंका उरलीच, तर ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशात, लिथियमची रेषा शोधतात. छोटे तारे वय वाढेल तसं आपलं लिथियम जाळून संपवतात.

मग गट पाडायचे. त्याची एक पद्धत मला फार आवडते. सगळे तारे रेषांनी असे जोडायचे, की एकही सुटू नये आणि रेषांची एकूण लांबी कमीत कमी भरावी. नंतर ठरावीक मापापेक्षा लांब रेषा कापून टाकायच्या. जे तुकडे उरतात ते गट. मात्र ते माप ठरवणं हीच खरी मेख. थोडं बदललं, की दोन गटांचा एक होतो.

शिवाय हे सगळं सपाट चित्रावर चालतं. खोली आणि गती दिली ती गाइया यानाने. मृगातला तारा सेकंदाला एक किलोमीटर आडवा सरकला, तर वर्षभरात आकाशात त्याचं स्थान किती बदलेल? तीस किलोमीटरवरून केसाची जाडी दिसेल, तेवढंच. गाइयाला हे मोजता आलं. एकत्र जन्मलेले तारे जवळपास सारख्याच वेगाने, एकाच दिशेला जातात. परका तारा तिथेच उघडा पडतो.

२०१८ मध्ये याच मापांतून, हे तारे ज्यातून जन्मले त्या मृगातल्या लांबोळ्या मेघाचं खरं रूप कळलं. तो आपल्याला आडवा दिसतो, पण त्याची शेपटी आपल्यापासून दूर, तिरपी गेलेली आहे. चित्रात शेजारी वाटणारे शेपटीकडचे काही कोवळे तारे प्रत्यक्षात दोनशेहून अधिक प्रकाशवर्षं मागे आहेत.