टीएसएच वाढणे आणि अँटी-टीपीओ वाढणे

‘रिपोर्टमध्ये थायरॉईड निघाला’ असे आपण सर्रास म्हणतो; मात्र टीएसएच वाढले की अँटी-टीपीओ, हे त्यातून कळत नाही, आणि उपचार तर त्यावरच ठरतात.

टीएसएच हे थायरॉईडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉईडकडे जो तगादा लावते, तो म्हणजे टीएसएच. रक्तातील टी-४, म्हणजे थायरॉईडचे मुख्य संप्रेरक, किंचित घटले तरी हा तगादा कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच टी-४ अजून मर्यादेत असतानाही टीएसएच साधारण ०.४ ते ४ ही नेहमीची मर्यादा ओलांडून गेलेले दिसते. ग्रंथीचे काम आज कसे चालले आहे, एवढेच ते सांगते. का बिघडले, हे सांगत नाही.

अँटी-टीपीओ नेमके उलट. थायरॉईड पेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने ग्रंथी आयोडीनपासून संप्रेरक घडवते, आणि त्याच विकराविरुद्ध शरीराने तयार केलेली ही प्रतिपिंडे असतात. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या गलगंडात लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची दाटी नोंदवली होती. त्यांच्याच नावाच्या हाशिमोतो आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करते; त्याच्या बहुतेक रुग्णांत आज ही प्रतिपिंडे सापडतात. ग्रेव्हज आजारात, म्हणजे ग्रंथी अतिरेकी काम करत असतानाही, ती अनेकदा असतात.

समजा, एका कागदावर अँटी-टीपीओ ६०० आहे, शेजारी ठळक बाण आहे, आणि टीएसएच २.१ आहे. घरचे घाबरतात ते बाणाला. पण अशा व्यक्तीची ग्रंथी आज पुरेसे काम करते आहे, त्यामुळे सहसा थायरॉईड संप्रेरकाची गोळी लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच पाहावे. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे २० वर्षे चाललेल्या पाहणीत, केवळ प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे २ टक्के, तर प्रतिपिंडे आणि वाढलेले टीएसएच दोन्ही असलेल्यांपैकी सुमारे ४ टक्के स्त्रियांना उघड हायपोथायरॉईडिझम, म्हणजे ग्रंथीचे काम कमी पडणे, झाला. गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण तेव्हा टीएसएचवर अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते.

गोळी सुरू झाल्यावर दर वेळी अँटी-टीपीओ तपासणे माझ्या मते निव्वळ पैशांचा अपव्यय आहे. मात्रा ठरते टीएसएचवर, आणि तेही मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पाहायचे. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या रक्ततपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात. काही तपासणी-पद्धतींत त्यांच्यामुळे टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते.