म्हातारी कोंबडी, ग्वाल्हेरचा मे आणि पाण्याचं भांडं

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोंबडीच्या अंगाचं तापमान असतं ४१ ते ४२ अंश. म्हणजे लू वाहत असताना शहराच्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात हवाच कोंबडीपेक्षा गरम असते. एरवी ती पंख अंगापासून दूर धरते, तुऱ्यात जास्त रक्त खेळवते आणि अंगातली उष्णता हवेला देऊन टाकते. हवा तापली की हा व्यवहार उलटतो. घामाच्या ग्रंथी तिला नाहीतच. चोच उघडून धापा टाकायच्या आणि घशातल्या ओलाव्याची वाफ होऊ द्यायची, एवढंच उरतं. त्या वाफेला पाणी लागतं, आणि भांड्यापाशी पोचायला कळपात पत लागते.

ही पत नीट अभ्यासली ती नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून ते कोंबड्या न्याहाळत. कोण टोचणार आणि कोण मुकाट सोसणार हे प्रत्येक जोडीत ठरलेलं असतं, असं त्यांनी १९२२ साली मांडलं. एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला सरते. उतरंड नेहमी सरळ असते असंही नाही. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी उलट पहिलीला, असे तिढेही त्यांना दिसले होते.

जुनी कोंबडी धडधाकट असेतो सहसा तलंगांना, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांना, दबून राहत नाही. पण ती लंगडू लागली, पिसं झडली, तुरा फिका पडून कलला, की चित्र बदलतं. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. तुरा बदलला की ओळखीची कोंबडीही परकी ठरू शकते. मग ती सावलीच्या कडेला उभी राहते आणि इतरांचं पिऊन झालं की भांड्याकडे जाते. वयामुळे पोटाखाली चरबी साठलेली असली तर अंगातली उष्णता बाहेर पडायलाही अडथळा. उन्हाळ्यात म्हातारी कोंबडी ‘अचानक’ गेली असं लोक सांगतात, तेव्हा परसात पाणी किती ठिकाणी होतं हे मी आधी विचारीन.

एकच मोठं घमेलं भरून ठेवणं म्हणूनच सोयीचं असलं तरी चुकीचं. मातीची पसरट भांडी तीन-चार कोपऱ्यांत, सावलीत ठेवावीत, तीही अशी की एका भांड्यापाशी उभ्या कोंबडीला दुसरं दिसू नये. सावलीचंही तेच: कडुलिंबाखालची मोक्याची जागा दांडग्या कोंबड्या बळकावतात, तेव्हा दुसऱ्या टोकाला एखादी ताटी उभी करावी. आणि नव्या तलंगा मे महिन्यात आणून सोडू नयेत. नवी कोंबडी आली की उतरंड पुन्हा भांडून ठरते, आणि या उन्हात भांडण कुणालाच परवडत नाही.

दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर. पचनातूनही उष्णता निघते, ती भर दुपारच्या उष्णतेत मिळायला नको.

अंड्याची कवचं पातळ झाली तर मात्र ते केवळ वय नव्हे. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. शिवाय वयाबरोबर अंडं मोठं होतं, पण कवचाचा माल तेवढाच राहतो, मग तोच मोठ्या अंड्यावर ताणून बसवावा लागतो. कवच बरंचसं रात्री घडतं, त्यामुळे शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्यावा.

कोंबडीने पंख टाकले, डोळे मिटून बसली, तर तिचे पाय आणि तुरा साध्या गार पाण्याने भिजवावेत, बर्फाच्या नव्हे. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मे महिन्यात नुसता पंखा लावणं म्हणजे तिच्यावर लू सोडणं. ओली पोती किंवा वाळ्याची ताटी लावून तीतून वारा आणला तर कोरड्या हवेत पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि खुराडं खरंच गार होतं. पाऊस सुरू झाला की लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. जुलैत पारा ३५ अंशांपर्यंत उतरतो खरा, पण हवा दमट असल्याने धापांची वाफ नीट होत नाही आणि ओली पोती दमटपणा वाढवतात. तेव्हा पोती काढावीत, जमिनीवरचा भुसा कोरडा ठेवावा आणि पंखा सुरू करावा. आता हवा कोंबडीच्या अंगापेक्षा थंड असते.