संगीतशिक्षक प्रशिक्षण (ख्रिस्ती महाविद्यालयांतील)

शाळेत गायन-वादन शिकवण्याची पात्रता आणि चर्चमधील उपासनेचे गायन सांभाळण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी एकाच शिक्षणक्रमात देणारी ही पद्धत आहे. तिचे आजचे रूप मुख्यतः अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालयांत घडले. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, ख्रिस्ती मंडळ्यांतले गाणे मराठी भजनाच्या वळणाचे आहे. त्यामुळे इथल्या होतकरू शिक्षकाला ही विद्या पेटी-तबल्याशी जुळवून घ्यावी लागते, आणि खरे शिक्षण तिथेच सुरू होते.

अमेरिकेत ही पदवी साधारण चार वर्षांची असते. विद्यार्थी एक मुख्य वाद्य किंवा कंठसंगीत निवडतो. पण मुख्य विषय काहीही असला तरी पियानोची किमान परीक्षा बहुतेकांना चुकत नाही. तंतुवाद्ये, फुंकून वाजवायची वाद्ये आणि तालवाद्ये यांची तोंडओळख होते, कारण पुढे शाळेच्या वाद्यवृंदात सगळेच हाताळावे लागते. ऐकून सूर लिहिणे, लिहिलेले पाहताक्षणी गाणे, समूहगायनाचे संचालन, हंगेरीच्या झोल्तान कोदाय आणि जर्मनीच्या कार्ल ऑर्फ यांच्या बालशिक्षण पद्धती हेही अभ्यासात असते. शेवटी साधारण एक सत्र अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली प्रत्यक्ष वर्ग घ्यायचा. मिनेसोटा राज्यात नॉर्वेहून आलेल्या ल्यूथरपंथीयांनी १८७४ मध्ये स्थापलेल्या सेंट ओलाफ महाविद्यालयाचा गायनवृंद एफ. मेलियस क्रिश्चनसेन यांनी १९१२ मध्ये उभा केला, आणि अशा महाविद्यालयांत चार आवाजांच्या समूहगायनाला केवढा मान आहे हे त्याच्या कीर्तीवरून कळते.

मराठी ख्रिस्ती संगीताची वाट निराळी. अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेला चढवला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या घाटात शेकडो गीते रचली, आणि ती आजही मंडळ्यांत गायली जातात. खानदेशाचे टिळकांशी नाते आहेच: धरणगावचे बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले होते. नंदुरबार-नवापूरच्या बाजूला विसाव्या शतकात काम करणारी मिशने स्कँडिनेव्हियन परंपरेची होती, तरी तिथली उपासनाही मराठीत रुळली.

म्हणून इथला शिक्षक बहुधा दोन दारांतून आत येतो. एक दार गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हिंदुस्थानी संगीताच्या परीक्षांचे: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये मंडळ स्थापले. दुसरे दार स्टाफ नोटेशनचे, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीचे. विशारद झालेल्याला राग कळतो, पण चाळीस मुलांना एका सुरात आणण्याचा सराव त्याला क्वचितच मिळालेला असतो, कारण गुरुसमोर तो एकटा बसून शिकलेला असतो. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्याला वृंद चालवता येतो, पण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि कण (सुराला लागून येणारा निसटता सूर) कागदावर कुठे शोधायचे हे उमगत नाही. एकाच दाराने आलेला शिक्षक खानदेशात अर्धा राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. भूप रागातले एखादे गीत घ्या. सूर पाचच: सा रे ग प ध. त्याला पाश्चात्त्य पद्धतीने तीन सुरांचे मेळ, म्हणजे एकाच वेळी वाजणारे कॉर्ड, लावायचे म्हटले की पूर्ण मेळ दोनच मिळतात, ‘सा ग प’ आणि ‘ध सा ग’. बाकी प्रत्येक मेळात मध्यम (म) किंवा निषाद (नि) शिरतो, आणि दोन्ही भूपात वर्ज्य. गिटारवर सरसकट तीन मेळ धरणारा उत्साही तरुण मेळातून मध्यम आणि निषाद वाजवून मोकळा होतो. चाल तीच राहते, पण भूप निघून जातो. जाणता शिक्षक इथे मेळ बाजूला ठेवतो. एका गटाकडे सा-प चा अखंड आधार देतो, दुसऱ्याकडे मुखडा, तिसऱ्याकडे त्याचे उत्तर. वृंदही होतो आणि रागही टिकतो.

पट्टीचे, म्हणजे ‘सा’ कुठल्या उंचीवर धरायचा याचेही तसेच. पुरुष शिक्षक आपल्या सवयीच्या काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरून) गीत उचलतो आणि चाल मंद्र पंचमाकडे, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’कडे, उतरली की लहान मुलांचे आवाज विझतात. मग ‘जोरात म्हणा’ असा आग्रह होतो, मुले ओरडतात, सूर आणखी बिघडतो. पेटीवर सा पांढरी चारवर (चौथ्या पांढऱ्या पट्टीवर) नेला तर तीच मुले मोकळेपणी गातात. हे सांगायला एक मिनिट लागते, पण ऐकून ओळखायला पाठ घेण्याच्या सरावाचे महिने लागतात. शब्बाथशाळेचा (चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाचा) वर्ग आणि नाताळची तालीम ही त्या सरावाची उत्तम जागा आहे.

भाषेचा प्रश्न उरतो. वर्गातल्या मुलाच्या घरी अहिराणी, मावची, भिलोरी किंवा पावरी बोलली जाते, आणि गीत असते प्रमाण मराठीत. मावचीत किंवा अहिराणीत आघात वेगळ्या ठिकाणी पडला की ठेक्यावरचा शब्द सरकतो. अशा वेळी जात्यावरच्या ओवीपासून सुरुवात करणे सोयीचे जाते. तिचा आवाका चार-पाच सुरांचा, चाल बहुतेक आज्या-आयांच्या तोंडची, आणि बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) असोद्याकडच्या मुलाला तर ती शिकवावीही लागत नाही. शिक्षक फक्त त्याच चालीतले सूर सरगमात म्हणून दाखवतो, मूल ते ओळखते, आणि फळ्यावर लिहिलेला ‘ग’ त्याला पहिल्यांदा ऐकू येतो.