थर्मोस्टॅट काढून 'डायरेक्ट' करायच्या आधी हे वाचा

मे महिन्यात शनिवारी दुपारी आमच्या वाईच्या गॅरेजसमोर बॉनेट उघडून गाड्या उभ्या दिसल्या की समजायचं, पुण्याहून खंबाटकी चढून आल्यात आणि पाचगणीला जायला पसरणीचा घाट अजून बाकी आहे. पाच माणसं, डिकी फुल, एसी चालू, पुढे ट्रक, गाडी सेकंड गिअरमध्ये रांगतेय आणि टेम्परेचरचा काटा वर. त्यात पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, तो थर्मोस्टॅट काढून टाका ना, डायरेक्ट करा." आम्ही ते करत नाही, आणि का करत नाही ते दर वेळी सांगून घसा बसतो म्हणून हा कागद छापलाय.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरच्या मधला एक वॉल (व्हॉल्व्ह, म्हणजे उघडझाप करणारी झडप), मुठीत मावेल एवढा. आत मेणाची छोटी डबी असते. इंजिन गार असताना वॉल बंद, त्यामुळे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि पटकन तापतं. साधारण 82 ते 88 डिग्रीला (गाडीप्रमाणे बदलतं, बऱ्याचदा आकडा वॉलवरच कोरलेला असतो) मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, वॉल उघडायला लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. गार झालं की स्प्रिंग परत बंद करते. साध्या वॉलला ना वायर ना सेन्सर.

हा बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळतंय आणि रेडिएटर मात्र जवळजवळ गार, असं विचित्र चित्र दिसतं. पण हात लावून बघायचं असेल तर गाडी बंद करून, कारण फॅन कधीही सुरू होतो. उघडा अडकला तर उलटं, गाडी तापतच नाही, डॅशबोर्डवरचा 'इंजिन गार आहे' सांगणारा निळा दिवा बराच वेळ जात नाही, हीटर कोमट, आणि ॲव्हरेज पडतं कारण इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. निळ्या दिव्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही, सगळे लालचीच वाट बघतात.

'डायरेक्ट' केलेल्या गाडीचं तेच होतं, रोज गार इंजिन, ऑइल लवकर खराब. आणि काही इंजिनांत हाच वॉल उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो काढला की गरम पाणी रेडिएटर टाळून तसंच परत फिरतं, म्हणजे घाटात गाडी अजूनच तापणार! मागच्या वर्षी एक गाडी आली, कुठेतरी बाहेर डायरेक्ट केलेली, मालक म्हणाले आता टेन्शन नाही, आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याखालचं सील) उडालेलं, कूलंट मिसळून ऑइल दुधाच्या चहासारखं.

प्रत्येक वेळी दोष थर्मोस्टॅटचाच असतो असंही नाही. आधी कूलंटची लेव्हल, मग फॅन, रेडिएटरची जाळी, वॉटर पंप, आणि रेडिएटरचं झाकण, कारण ते प्रेशर धरतं म्हणून कूलंट शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं टाकलेल्या गाडीत तर पांढरा क्षार सगळीकडे, वॉल त्यातच रुतून बसतो. रस्त्यात नाइलाज झाला तर साधं पाणी टाका, पण नंतर सांगा, आम्ही फ्लश करून कूलंट भरू.

शंका असेल तर तुमच्यासमोर टेस्ट करून दाखवतो. वॉल काढून दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडायचा, तळाला टेकवायचा नाही, सोबत थर्मामीटर, खाली गॅस. ऐंशीच्या पुढे काटा सरकला की फट दिसायला लागते, अगदी नखाएवढी, मग हळूहळू मोठी. उकळ्या फुटल्या तरी ढिम्म असेल तर वॉल गेला. (त्या पातेल्यात चहा करत नाही, काळजी नसावी.)

घाटात काटा वर गेलाच तर एसी बंद, काचा खाली, हीटर फुल, उकडेल पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. जागा बघून बाजूला थांबा. लाल दिवा लागला तर इंजिन बंदच करा. झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं.

चेक करायला आणाल तेव्हा शक्यतो सकाळी, गाडी गार असताना आणा. गरम आणलीत तर ती गार होईपर्यंत बसावं लागेल, समोर चहा बरा मिळतो.