ठोके अजून दिसले नाहीत

पाळी चुकली, घरच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, की मनात एकच प्रश्न घोळत राहतो: ठोके दिसतील ना? त्याआधी आपली तारीख नीट आठवा. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे ‘सहा आठवड्यां’चा गर्भ खरं तर चारच आठवड्यांचा असतो. पाळी ३५-४० दिवसांनी येत असेल, तर त्याहूनही लहान.

पाचव्या आठवड्याच्या सुमारास पडद्यावर दिसतो तो गर्भाशयाच्या अस्तरात रुतलेला एक काळा ठिपका. ही सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याने भरलेली पिशवी. आतल्या पाण्यातून ध्वनिलहरी उलटून येत नाहीत, म्हणून ती काळी दिसते. काही दिवसांत तिच्यात बारीक अंगठीसारखी योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारी पिशवी, उमटते. मग त्या अंगठीला लगटून तांदळाच्या दाण्याहूनही लहान गर्भ आणि त्यात एक लुकलुक. तेच ठोके. सहाव्या आठवड्यात मिनिटाला शंभरच्या थोडे वर, नवव्यापर्यंत १७० च्या आसपास. आवाज ऐकवला नाही म्हणून घाबरू नका. ठोके ऐकवणाऱ्या डॉपलर पद्धतीची ऊर्जा जास्त असते, म्हणून इतक्या लहान गर्भावर ती वापरणं टाळतात आणि ठोके नुसते आलेखावर मोजतात.

हा गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. त्यामुळे तारखेत पाच-सहा दिवसांची गफलत झाली, तरी सॅक रिकामी दिसू शकते. ‘दहा दिवसांनी पुन्हा या’ हे ऐकून घरी परतणाऱ्या बाईचे ते दहा दिवस किती जड जातात, याची कल्पना आहे. पण थांबण्याला कारण आहे. आतून केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नसतील, किंवा सॅकचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर होऊनही गर्भ दिसत नसेल, तरच एका सोनोग्राफीवरून गर्भ वाढत नसल्याचं नक्की म्हणता येतं. आकडे त्याखाली असतील तर गर्भाशय साफ करण्याची घाई नको. रिपोर्टमधली मापं विचारा, तो तुमचा हक्क आहे.

‘आतून’ म्हणजे योनीमार्गातून. निरोधाचं आवरण घातलेला सडपातळ प्रोब गर्भाशयाच्या जवळ पोहोचतो, म्हणून चित्र स्पष्ट येतं. त्यासाठी लघवी करून जायचं. अवघडल्यासारखं होतं, पण फार दुखलं तर लगेच सांगा. सोबत बाई हवी असेल तर तसंही सांगा. पोटावरून करायची असेल तर उलट लघवी दाबून ठेवायची, कारण भरलेलं मूत्राशय हवेने भरलेली आतडी बाजूला सारतं आणि हवा ध्वनिलहरींना अडवते. पोटावरचं गार जेलही मधली हवा घालवण्यासाठीच. यात क्ष-किरण नसतात.

तपासणीआधी एफ फॉर्मवर सही घेतात: गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा देशाचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्राने त्याआधीच, १९८८ मध्ये, आपला कायदा केला होता. याचा मला अभिमान वाटतो.

ही सोनोग्राफी टाळू नये, याचं मोठं कारण वेगळंच आहे. गर्भ गर्भाशयातच आहे की त्याला जोडलेल्या बीजवाहक नळीत, हे तिच्यातून कळतं. नळीतला गर्भ नळी फोडू शकतो. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, रक्तस्राव यांपैकी काही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

सगळं ठीक असेल तर डोक्यापासून ढुंगणापर्यंतची गर्भाची लांबी मोजून बाळंतपणाची तारीख काढतात. पुढच्या सोनोग्राफींत तारीख मागेपुढे होते, तरी धरतात ती हीच. म्हणून हा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.