फुकट मुक्काम, पण हमी कोणाची?

परमुलखात अनोळखी माणसाच्या घरी फुकट उतरायचं म्हटलं की ‘काऊचसर्फिंग’ हे संकेतस्थळ आठवतं आणि हा सगळा इंटरनेटचा खेळ वाटतो. त्याचं मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात आहे. पैसे वाचवणं हा तेव्हा मुख्य हेतूही नव्हता.

१९४९ साली डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवायलर या युद्धविरोधी अमेरिकन तरुणाने साथीदारांसह ‘पीसबिल्डर्स’ नावाची चळवळ सुरू केली. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांच्या घरी राहिली, एका टेबलावर जेवली, तर पुढच्या लढाईला उभं राहणं त्यांना जड जाईल, असा साधा हिशोब होता. १९५२ पासून हीच चळवळ ‘सर्व्हास’ म्हणून ओळखली जाते. तिची पद्धत बघण्यासारखी आहे. प्रवासाला निघण्याआधी तुमच्याच गावातला एक स्वयंसेवक तुमची मुलाखत घेणार, माणूस ठीक वाटला तर ओळखपत्र देणार, मग यजमानांची यादी हातात पडणार. मुक्काम साधारण दोन रात्रींचा. पैशांची देवघेव नाही, पण नुसतं झोपायला येणाऱ्याचं तिथे स्वागत नाही. संध्याकाळी यजमानाबरोबर बसून बोलायचं, ही अपेक्षा पहिल्यापासून आहे.

याच विचाराचं आपल्या मातीतलं टोक विनोबांकडे सापडतं. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनकडे पायी निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना बजावलं होतं की जवळ पैसा ठेवू नका. पैसा असला की माणूस हॉटेल शोधतो. नसला की दार ठोठवावं लागतं. भूदानासाठी वर्षानुवर्षं गावोगाव मुक्काम केलेल्या माणसाचा हा सल्ला, त्यामुळे त्याला वजन होतं.

खरी अडचण खाटेची कधीच नव्हती, हमीची होती. पंढरीच्या वाटेवर गळ्यातली तुळशीची माळ ते काम करते. सर्व्हासमध्ये ते ओळखपत्राने केलं. एस्परांटो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेच्या चाहत्यांनी तर भाषेलाच जामीन ठेवलं: १९७४ मध्ये ‘पास्पोर्ता सेर्वो’ची पहिली पुस्तिका निघाली, त्यात जेमतेम चाळीस यजमान होते. अट एकच, एस्परांटो बोलता आली पाहिजे. फुकट खोलीसाठी कुणी अख्खी भाषा शिकत बसणार नाही, त्यामुळे चाळणी आपोआप लागायची. सायकलवाल्यांचं ‘वॉर्मशॉवर्स’ १९९३ चं. तिथे दिवसभर पॅडल मारून आलेला माणूस यजमानाला परका वाटत नाही.

काऊचसर्फिंगची सुरुवात स्वस्त तिकिटातून झाली. केसी फेंटन या अमेरिकन तरुणाला १९९९ मध्ये आइसलँडचं तिकीट मिळालं, राहायची सोय नव्हती. त्याने आइसलँड विद्यापीठाच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांना ईमेल धाडला आणि पन्नासाहून जास्त घरांची आमंत्रणं आली. २००४ मध्ये संकेतस्थळ उघडलं. इथे मुलाखत नव्हती, भाषेची अट नव्हती. पाहुण्याने यजमानाबद्दल आणि यजमानाने पाहुण्याबद्दल चार ओळी लिहायच्या, तीच पत. शिवाय ज्याच्यासाठी तीन सदस्यांनी शब्द टाकला आहे, त्यालाच दुसऱ्यासाठी शब्द टाकता येई. २००६ मध्ये सगळा डेटा कोलमडला, तेव्हा फेंटनने दुकान बंद झाल्याचंच जाहीर केलं होतं. सदस्यांनी फुकट राबून ते पुन्हा उभं केलं.

म्हणूनच २०११ चा निर्णय जिव्हारी लागला. धर्मादाय दर्जाचा अर्ज अमेरिकेत फेटाळला गेला आणि संस्थेची कंपनी झाली. गुंतवणूकदारांनी ७६ लाख डॉलर ओतले. मे २०२० मध्ये, कोविडने प्रवास ठप्प असताना, अनेक देशांतल्या सदस्यांना अचानक वर्गणी मागितली गेली; ती भरल्याशिवाय खातं वापरता येईना. रक्कम किरकोळ होती. पण वर्षानुवर्षं जमवलेले शेरे कुलपात गेले, आणि किल्ली कंपनीकडे. माझ्या मते राग वर्गणीचा कमी आणि या कुलपाचा जास्त होता. २००७ पासून चालणाऱ्या ‘बीवेलकम’कडे माणसं वळली, २०२० मध्येच ‘काऊचर्स’ निघालं. दोन्ही ना-नफा, स्वयंसेवकांवर चालणारी.

भारतातल्या यजमानाला आणखी एक हमी द्यावी लागते, ती सरकारला. घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) भरून विदेशी नोंदणी कार्यालयाला कळवायचं: पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, किती दिवस राहणार. हे फक्त हॉटेलांसाठी असतं, अशी समजूत सर्रास आढळते. पैसे घेतले नाहीत म्हणून सूट मिळत नाही. खाजगी घरालाही हाच नियम लागू आहे.